आईची सर्दी आणि बाळाचे दूध

पावसाळ्याचे पहिले दोन-चार दमदार पाऊस झाले, पैनगंगेचे पाणी गढूळ झाले, की उमरखेडच्या दवाखान्यांतील बाकांवर तान्ह्या मुलांना पदराखाली घेऊन बसलेल्या स्त्रियांची गर्दी वाढू लागते. मुलाचे नाक चोंदलेले असते, छातीत घरघर असते आणि ते दूध ओढीत नाही, ही बहुतेकींची तक्रार असते. बरोबर आलेल्या सासूने किंवा आईने रोगाचे निदान घरीच करून ठेवलेले असते. बाळंतिणीने थंड खाल्ले, तिला पडसे झाले आणि तिचे दूध बाळाला बाधले. या निदानावरचा उपायही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. चार दिवस अंगावर पाजणे बंद. शेळीचे किंवा गाईचे दूध पाणी घालून वाटी-चमच्याने द्यावयाचे, आणि हल्ली ते बाटलीने दिले जाते.

या निदानात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते इतके टिकाऊ ठरले आहे. आईचे पडसे मुलाला होते, हे खरे. ते तिच्या दुधातून होते, हे मात्र खरे नाही. आणि या अर्ध्या असत्याची किंमत काही मुलांना जिवाने चुकवावी लागते. कारण ज्या दिवसांत मुलाला आईच्या दुधाची सर्वाधिक गरज असते, नेमके तेच दिवस पाजणे बंद करण्यासाठी निवडले जातात.

अंगावर पाजणाऱ्या आईचे तोंड आणि मुलाचे नाक यांत जेमतेम वीतभर अंतर असते. तिच्या खोकल्यातून, शिंकेतून, नुसत्या बोलण्यातूनही उडणारे सूक्ष्म तुषार त्या वीतभर अंतरात मुलाच्या श्वासात जातात. दुसरी वाट हाताची. नाक पुसलेला हात तसाच मुलाच्या ओठाला लागतो. तिसरी वाट पदराची, आणि तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. ज्या पदराने आई आपले नाक पुसते त्याच पदराने ती दूध प्यालेल्या मुलाचे तोंड टिपते. विषाणू या तीन वाटांनी जातो. पाजणे थांबवून बाटली तोंडाला लावली, तरी बाटली धरणारी आई तीच असते, तिचा श्वास तोच असतो, हात आणि पदरही तेच असतात. म्हणजे संसर्गाच्या तिन्ही वाटा मोकळ्याच राहतात. बंद होते ते फक्त दूध.

श्वसनमार्गाच्या विषाणूंचा परिवार मोठा आहे. इन्फ्लुएंझा आणि करोना ही नावे आता सर्वतोमुखी झाली आहेत. परंतु तान्ह्या मुलांच्या दृष्टीने अतिशय घातक असा एक विषाणू असा आहे की, त्याचे नाव सामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच पडते. वैद्यकात त्याला आर. एस. व्ही. या आद्याक्षरांनी ओळखतात. १९५६ साली अमेरिकेतील एका संशोधन केंद्रात चिंपांझींना पडसे झाले तेव्हा तो प्रथम हाती लागला, आणि पुढच्याच वर्षी आजारी बालकांतही सापडला. धडधाकट मोठ्या माणसाला त्याने होते ते साधे पडसे. माणूस दोन दिवस नाक पुसतो आणि कामावर जातो. तोच विषाणू दोन महिन्यांच्या मुलाच्या फुप्फुसांतील केसासारख्या बारीक नळ्यांत उतरला, की त्या सुजतात, चिकट द्रवाने भरतात आणि मुलाचे पोट भात्यासारखे उडू लागते. २०१९ या एका वर्षात जगातील पाच वर्षांखालील सुमारे १ लाख १ हजार मुले या विषाणूने दगावली, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. त्यांपैकी जवळजवळ ४६ हजार मुलांना सहा महिनेही पूर्ण झालेले नव्हते. आणि शंभरांपैकी सत्त्याण्णव मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले होते. विषाणूची लागण श्रीमंत देशांतील मुलांनाही तितकीच होते. मृत्यूची वाटणी मात्र उत्पन्नाच्या उलट प्रमाणात झालेली दिसते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

आजारी आईपासून मुलाला दूर ठेवावे काय, हा प्रश्न २०२० साली साऱ्या जगापुढे एकदम उभा राहिला. चीनमधील तज्ज्ञांनी आरंभी बाधित मातेचे मूल चौदा दिवस वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही एप्रिलमध्ये तात्पुरत्या विलगीकरणाचा पक्ष घेतला, आणि जुलैमध्ये तो सोडून दिला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र मूल आईजवळच ठेवावे आणि स्तनपान चालू ठेवावे असे सांगितले. पुढे आलेल्या पुराव्याने हीच बाजू बळकट केली. न्यूयॉर्कमधील तीन रुग्णालयांत बाधित मातांच्या १२० नवजात मुलांची पाहणी झाली. मुले आईच्याच खोलीत होती. माता मुखपट्टी बांधून, हात स्वच्छ धुऊन त्यांना पाजीत होत्या. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी यांपैकी एकही मूल बाधित आढळले नाही, आणि आठवडाभराने ज्यांची पुन्हा तपासणी झाली त्यांतही एकाला लागण झालेली नव्हती. कॅलिफोर्नियात १८ बाधित मातांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले गेले. एका नमुन्यात विषाणूचे जनुकीय अवशेष मिळाले. जिवंत, वाढू शकणारा विषाणू एकाही नमुन्यात मिळाला नाही.

महाराष्ट्राला यासाठी परदेशी उदाहरणांवर विसंबण्याचे कारण नाही. मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयात साथीच्या पहिल्या वर्ष-सव्वा वर्षात हजारांहून अधिक करोनाबाधित स्त्रियांची बाळंतपणे पार पडली. ज्या शहरात रुग्णाला खाट मिळणे हीच मोठी गोष्ट होती, त्या शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयाने हे काम केले, याची नोंद कृतज्ञतेने व्हावयास हवी. त्याच वर्षी पुण्याच्या ससून रुग्णालयात एक निराळे प्रकरण घडले. तेथे जन्मलेल्या एका बालकाला आईच्या पोटात असतानाच, वारेतून, करोनाची लागण झाल्याचे डॉक्टरांनी सिद्ध केले. जन्मानंतर त्याची प्रकृती गंभीर झाली, आणि सुमारे तीन आठवड्यांच्या उपचारांनी ते बरे झाले. देशातील अशा प्रकारचे हे पहिले नोंदलेले उदाहरण मानले गेले. आईकडून मुलाकडे विषाणू जाण्याची ही खरी, परंतु विरळा वाट. तिचाही दुधाशी संबंध नव्हता.

या विषयाची दुसरी बाजू अधिक कुतूहलाची आहे. संसर्ग आईकडून मुलाकडेच जातो असे आपण गृहीत धरतो. उलट दिशेने तो जात नाही काय? कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या लांबट अंगाच्या प्राण्यावर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. इन्फ्लुएंझाच्या संशोधनात या प्राण्याला मानाचे स्थान आहे. १९३३ साली लंडनमध्ये माणसाचा इन्फ्लुएंझा विषाणू प्रथम वेगळा काढला गेला तो याच प्राण्याच्या साहाय्याने, आणि पुढे फेरेटच्या शिंकेने एका संशोधकालाच इन्फ्लुएंझा झाल्याचा किस्सा वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेला आहे. कॅनडातील प्रयोगात दूध पिणाऱ्या पिलांच्या नाकात २००९ च्या साथीचा विषाणू घालण्यात आला. पिले आजारी पडली; मग त्यांची आई आजारी पडली. तिच्या स्तनग्रंथीत विषाणू आढळला, तिच्या दुधातही तो उतरला आणि दूध आटू लागले. म्हणजे पिलाच्या तोंडातून विषाणू उलट वाटेने आईच्या स्तनात शिरला होता.

एवढ्यावरून मानवी मातेबद्दल निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. प्रयोगशाळेतील पिलाला मुद्दाम दिलेली विषाणूची मात्रा आणि घरातील पडसे यांत फार अंतर आहे. माणसाच्या बाबतीत इन्फ्लुएंझा दुधातून पसरल्याचा पुरावा नाही, आणि इन्फ्लुएंझा झालेल्या मातेनेही पाजणे थांबवू नये हाच वैद्यकाचा आजचा सल्ला आहे. तथापि त्या प्रयोगाने एक गोष्ट ठसविली. आई आणि तान्हे मूल ही रोगाच्या दृष्टीने दोन वेगळी माणसे नव्हेत. ती एक जोडी आहे. मुलाला झालेले आईला होते, आणि त्यात लाभही आहे. मुलाच्या अंगातील रोगजंतूंशी आईच्या शरीराची गाठ पडली, की तिचे शरीर त्याच जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती दुधावाटे मुलाला पोचवते. आई किंवा मूल आजारी असताना दुधातील संरक्षक पांढऱ्या पेशींचे प्रमाण वाढते, असेही आढळून आले आहे. दुधातून रोगप्रतिकारशक्ती मिळते, हे पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली उंदरांच्या पिलांची अदलाबदल करून दाखविले होते. रोगप्रतिबंधित उंदरीचे दूध प्यालेली परकी पिलेही वाचली. तेव्हा आईला पडसे झाले असताना तिचे दूध तोडणे म्हणजे औषध तयार होत असताना औषधाची बाटली फेकून देणे होय.

दुधाविषयीची भीती निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. एच. आय. व्ही. सारखे काही विषाणू दुधातून खरोखरच जातात, आणि अशा मातेने काय करावे हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. परंतु तो अपवाद पडशा-खोकल्याला लावण्याचे कारण नाही.

घरातील खरा वाहक

आता एक प्रश्न उरतो. आईला तरी हे पडसे कोठून येते? केनियाच्या किलिफी भागात संशोधकांनी घराघरांतील सर्व माणसांच्या नाकातील द्रव काही महिने वारंवार तपासला. घरातल्या घरात आर. एस. व्ही. ची लागण झालेल्या तान्ह्या मुलांच्या बाबतीत विषाणू आणणारे बहुतेक वेळा मोठे भावंड होते, आणि तेही बहुधा शाळेत जाणारे. आपल्याकडचा अनुभव याहून निराळा असण्याचे कारण दिसत नाही. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दाटीवाटीने बसलेल्या वर्गातून सहा-सात वर्षांचा मुलगा संध्याकाळी घरी येतो, दप्तर टाकतो आणि प्रथम धावतो तो पाळण्याकडे. त्याच्या प्रेमाला कोणी नावे ठेवीत नाही, आणि ठेवूही नयेत. मात्र दोष लावताना आईच्या ताटातील दह्याचा विचार होतो, शाळेतून आलेल्या नाकाचा होत नाही.

जुन्या रिवाजांकडे या दृष्टीने पाहिले तर काही आश्चर्यकारक गोष्टी दिसतात. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, परक्या माणसाने तिच्या खोलीत जाऊ नये, सोयर पाळावे, या नियमांमागे जी कोणती कल्पना असेल ती असो. पहिल्या चाळीस दिवसांत मुलापाशी येणाऱ्या नाकांची संख्या त्यांनी मर्यादित ठेवली, एवढे खरे. उलट त्याच खोलीतील शेगडी आणि वेखंड-ओव्याची धुरी मुलाच्या फुप्फुसांना अपायकारक ठरते. त्यात कापसाच्या पट्ट्यातील सरपण म्हणजे पऱ्हाटी. कापूस निघाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या उमरखेड तालुक्यातील घराघरांच्या भिंतीला टेकून उभ्या असतात. घरात गॅसची टाकी असली, तरी ती पुन्हा भरण्याचे पैसे जवळ नसल्यास चुलीत तीच पऱ्हाटी जाते. धुराने सुजलेल्या श्वासनलिकेत विषाणूचे काम सोपे होते. आधुनिक सुधारणेने रिवाजातील धुरी कायम ठेवली आणि सव्वा महिन्याचा एकांत तेवढा मोडला. आता पाचव्या-सहाव्या दिवशीच आप्तेष्ट येतात, मूल हातोहात फिरते, प्रत्येक जण गालाचा मुका घेतो, आणि फोनवर छायाचित्रे निघतात.

एकांत मोडण्याचे आणखी एक कारण सुधारणेत नसून मजुरीत आहे. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; म्हणजे जितका वेळ मुलाला पाजण्यात जाईल तितका कापूस कमी आणि तितके पैसे कमी. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळाली. शाळेतील शिक्षिकेला आणि कचेरीतील कारकून स्त्रीला ती मिळते, आणि ती योग्यच आहे. वेचणाऱ्या मजूर स्त्रीचा मालक कोण, हेच निश्चित नसल्याने तिला रजा देणार कोण? तिच्यासाठी २०१७ सालीच प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली. पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये, तेही हप्त्यांनी. सहा महिने केवळ अंगावर पाजावे असा सरकारचाच उपदेश आहे. या सहा महिन्यांवर ते पाच हजार वाटले तर दिवसाला अठ्ठावीस रुपयेही पडत नाहीत. एका दिवसाच्या वेचणीची मजुरी याहून कितीतरी अधिक आहे. तेव्हा आजारी मजूर स्त्री मुलाला घरी सासूपाशी किंवा आठ वर्षांच्या मुलीपाशी ठेवून वेचणीला जाते, आणि मागे वाटीभर पाणीदार दूध ठेवते, ते दूध बाधते या समजुतीमुळे की मजुरी बुडते म्हणून, हे ठरविणे कठीण आहे. बहुधा समजुतीने मजुरीची सोय केलेली असते. केवळ प्रबोधनाने हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी या हिशेबाकडे एकदा पाहावे. भारतात सहा महिन्यांखालील मुलांपैकी निव्वळ स्तनपानावर असलेल्यांचे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६३.७ टक्के निघाले. उरलेल्या ३६ टक्क्यांच्या सर्व मातांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला या रोगांशी लढण्याचा एक मोठा प्रयोग झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील गावांत मुलांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करण्याची पद्धत आखली. गावातील थोडे शिकलेले तरुण आणि दाया यांना मुलाचे श्वास मोजण्यास व ठराविक औषध देण्यास शिकविण्यात आले. आकडे मोजता न येणाऱ्या दाईलाही वापरता येईल असे श्वास मोजण्याचे साधन तयार करण्यात आले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या गावांत हे काम झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, शेजारच्या तुलनेच्या गावांत ते १७.५ होते, आणि हा फरक सर्वांत ठळक होता तो एक महिना ते एक वर्ष या वयाच्या मुलांत. त्या औषधाने विषाणू मरत नाही, हे खरे. परंतु विषाणूने दुबळ्या केलेल्या फुप्फुसात मागाहून जिवाणू शिरतात आणि मूल त्याने दगावते. ती साखळी तेथे तुटली. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टने २०१६ नंतर आदिवासी गावांतील दोन वर्षांखालील मुलांचा माग घेऊन आर. एस. व्ही. चा शोध केला. रुग्णालयाच्या दारापर्यंत न पोचता गावातच दगावणाऱ्या मुलांतही हा विषाणू आढळतो, हे त्या कामाने दाखवून दिले. केवळ रुग्णालयांच्या नोंदींवर विसंबणाऱ्या आकडेवारीत ही मुले कधी दिसलीच नसती.

उमरखेड तालुक्याला या दोन्ही अनुभवांतून घेण्यासारखे बरेच आहे. शहर महामार्गावर आहे. नांदेड जवळ, यवतमाळ दूर, आणि दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु तालुक्याचा पैनगंगा अभयारण्यातील पट्टा, ज्याला लोक बंदी भाग म्हणतात, तो पावसाळ्यात या महामार्गापासून खरोखरच बंद पडल्यासारखा असतो. तेथील मुलाचे पोट मध्यरात्री उडू लागले तर पहाटेपर्यंत जे काही करावयाचे ते गावातच करावे लागते. दोन महिन्यांखालील मुलाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, आणि त्यापुढे वर्षापर्यंतच्या मुलाचे पन्नास किंवा त्याहून अधिक भरले, तर ते पडसे राहिलेले नाही. मुलाला तात्काळ उपचार हवेत. मूल दूध ओढीनासे झाले, श्वासाबरोबर बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर दिसले, तर मोजीत बसण्याचीही गरज नाही. ही मोजणी शाळेतील सातवीच्या मुलीलाही करता येते.

विषाणूवर थेट औषध फारसे नसले तरी प्रतिबंधाची नवी साधने आली आहेत, आणि त्यांतील काही आईमार्फतच मुलाला पोचतात. बांगलादेशात ३४० गर्भवती स्त्रियांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इन्फ्लुएंझाची लस घेतलेल्या मातांच्या मुलांत पहिल्या सहा महिन्यांतील इन्फ्लुएंझाचे प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी आढळले. महाराष्ट्र शासनाने स्वाइन फ्लूच्या अनुभवानंतर २०१५ साली गर्भवती स्त्रियांना ही लस मोफत देण्यास सुरुवात केली होती. किती गर्भवतींना तिची वार्ताही नसते, हे कोणत्याही आरोग्य केंद्रात चौकशी करून पाहावे. आर. एस. व्ही. वरील गर्भवतीला द्यावयाच्या लसीला २०२३ साली अमेरिकेत व युरोपात मान्यता मिळाली. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील गंभीर आजार तिने ८० टक्क्यांच्या आसपास टळतो. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र ती नाही. जेथे तिची गरज सर्वाधिक तेथेच ती सर्वांत उशिरा पोचावी, हा बाजाराचा नियम असेल. सरकारने तो पाळलाच पाहिजे असे नाही.

लस येईपर्यंतही करता येण्याजोगे एक काम आहे, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. नवजात बालकांसाठी आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी ठरलेल्या आहेत. त्यांतील शेवटची बेचाळिसाव्या दिवशी होते. २०१८ साली आखलेल्या पुढील कार्यक्रमातील पहिली भेट तिसऱ्या महिन्यात असते. मधल्या सहा-सात आठवड्यांत कोणाचीही गृहभेट ठरलेली नाही, आणि आर. एस. व्ही. चा धोका सर्वाधिक असतो तो याच वयात. या काळात मूल सहाव्या आणि दहाव्या आठवड्याला, आणि पुढे चौदाव्या आठवड्याला, लस टोचून घेण्यासाठी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात येते. टोचणी झाल्यावर त्याला लगेच परत पाठविण्याऐवजी एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत, घरात कोणाला पडसे आहे हे विचारावे, आणि आईच खोकत असेल तर मुखपट्टी बांधून, हात धुऊन, पाजणे चालूच ठेवण्यास सांगावे. हे सासूच्या समोर सांगावे. पाजणे बंद करण्याचा निर्णय बहुधा तिचाच असतो.